पिंगळ्याची मान आणि पुढची गाडी

मी एकदा पिंगळ्याला राम राम घातला आहे. नुसता राम राम असता तर निभावलं असतं. मी त्याला मामाजी म्हटलं, पाणी विचारलं, आणि दिवाळीला बायकोला माहेरी धाडलं नाही याबद्दल दोन शब्द दिलगिरीचेही बोललो.

आमच्याकडे मामाजी म्हणजे सासरा. माझे सासरे अकोल्याकडचे. अकोल्यापेक्षा अमरावतीच्या बाजारात कापसाला भाव बरा निघतो अशी आवई उठली होती, म्हणून ते आपल्या गाड्या घेऊन आमच्या गावी येणार आणि पुढे आमच्या रांगेत मिसळून अमरावतीला जाणार, असा निरोप आला होता. त्यामुळे त्या संध्याकाळी मी त्यांची वाट पाहत अंगणात येरझारा घालत होतो. गोठ्याजवळच्या खांबावर कोणीतरी घोंगडी वाळत टाकली होती आणि त्या घोंगडीच्या टोकावर पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, बसला होता. मला दिसली ती अंगावर घोंगडी घेतलेली एक बुटकी आकृती, वर छोटंसं डोकं, आणि डोळ्यांवर पांढऱ्या भुवया. माझे सासरे असेच दिसतात. आजही कोणी निःपक्षपाती माणूस आणून विचारा.

"राम राम मामाजी," मी म्हणालो. "कवा आले? गाड्या कुठी सोडल्या?"

मामाजींनी मान खालीवर केली.

"पानी आनू?"

पुन्हा मान खालीवर. पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, रुसले. मग मी दिवाळीचा विषय काढला. कपाशीची वेचणी होती, बाया मिळत नव्हत्या, वगैरे सगळं सांगितलं. मामाजी मान डावीकडे कलती करून ऐकत होते, मग उजवीकडे कलती करून. एवढ्या लक्षपूर्वक माझं त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात बायको शेणी न्यायला मागच्या दाराने आली, आणि मामाजींनी छाती माझ्याकडे तशीच ठेवून तोंड साफ पाठीमागे फिरवलं.

मामाजी उडून कडुनिंबावर जाऊन बसले.

"कोनाशी बोलून राहिले?" बायकोने विचारलं.

"बैलायशी."

"बैलायले मामाजी म्हनता?"

मी म्हणालो, अंधारात नीट दिसलं नाही. त्यावर ती शेणीची पाटी कमरेवर घेत म्हणाली, "अंधार कुठी हाये? दिवेलागन व्हाचीच हाये अजून." आणि आत गेली.

हसण्यासारखी गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण मी तिथेच उभा राहिलो. पश्चिमेकडे पाहिलं तर आभाळ खरंच अजून तांबूस होतं. खालचं अंगण मात्र मला दिसत नव्हतं. गोठा, विहीर, घोंगडी, सगळ्यांवर कोणीतरी बुरखा ओढला होता आणि तो फक्त माझ्यापुरता ओढला होता. मग एकेक आठवू लागलं. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतताना नदीच्या उतारावर मी दोनदा ठेचकाळलो होतो आणि वहाणेला शिव्या दिल्या होत्या. परवा जेवताना भाकरी सोडून पाटाला हात घातला होता. वहाण तर नवी, धड होती आणि पाट रोजच्याच जागी होता. मीच कुठेतरी बिघडलो होतो.

आता हे इतकं जिवाला लागायचं कारण सांगायला हवं. आमच्या गावची एक रीत आहे. कापूस वेचायच्या आधी बायका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. गावात पहिलं सीतादही ज्या घरचं, त्या घरची गाडी बाजाराच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे. पहिलं सीतादही आमच्या घरचं. वडील होते तोवर ते पुढे बसले, ते गेल्यावर मी. बैलांना उन्हाचा त्रास नको आणि सकाळच्या बोलीला बाजारात हजर असावं, म्हणून गाड्या दिवस मावळताना निघत. मागच्या प्रत्येक गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. पुढच्या गाडीवाल्याने मात्र कंदील पुढे धरायचा नाही, कारण जवळच्या उजेडाने लांबची वाट दिसेनाशी होते. त्याने नुसत्या डोळ्यांनी वाट काढायची. मागचे सगळे त्याच्या चाकोरीवर चाक ठेवून डुलक्या घेत येतात. सगळ्या गावाचा वर्षाचा कापूस, बैल आणि माणसं त्या एका जोडी डोळ्यांवर. आणि गाड्या निघायला आठवडाही उरला नव्हता.

सांगून टाकावं, असं कोणालाही वाटेल. पण ते साल वेगळं होतं. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला मोल आलं होतं, एवढंच आम्हाला कळे. कोण कोणाशी लढतंय हे गावात एकालाही सांगता येत नव्हतं. लढाई इतक्यात थांबू नये, असं मात्र पुष्कळांना वाटत होतं. त्या साली वऱ्हाडात कोणी धड बसलेलं मी पाहिलं नाही. माणसं जेवताना उठून वाटेकडे बघून येत. सकाळी एक भाव ऐकू येई, दुपारी दुसरा. आगगाडीचे रूळ अकोल्याकडे सरकताहेत, उद्या येतील, परवा येतील. ज्वारीची वावरं कपाशीखाली गेली, परसातले भाजीचे वाफेसुद्धा मोडून आम्ही तिथे कपाशी लावली, दुभती म्हैस विकून चौथा बैल घेतला. अशा दिवसांत मला संध्याकाळी दिसत नाही असं कोणी म्हटलं असतं, तर गावाने आधी पुढच्या गाडीचं ठरवलं असतं आणि मग माझी चौकशी केली असती. माझा धाकटा भाऊ तर दोन वर्षांपासून माझ्या गाडीमागे आपले बैल नको तितके चिकटवून हाकत होता.

तेव्हा मी पिंगळ्याकडे वळलो.

याला अक्कल म्हणा अगर दुसरं काही. माझा विचार सरळ होता. अंधारात ज्याला दिसतं त्याच्याकडून शिकावं. पिंगळा दुपारीही कडुनिंबाच्या ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसे, तेव्हा मला चांगलं दिसायचं. मी झाडाखाली उभा राहून त्याला न्याहाळू लागलो आणि तो मला. दोघांनाही दुसरा उद्योग नसावा असं बघणाऱ्याला वाटलं असेल.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ही, की त्याचे डोळे हलत नाहीत. आपण माणसं मान न हलवता शेजाऱ्याच्या ताटात बघू शकतो. त्याला ते जमत नाही. डोळे खोबणीत ठोकून बसवल्यासारखे, समोर म्हणजे समोर. बाजूला काही खुट्ट झालं की सगळं डोकंच तिकडे नेतो. मी झाडाभोवती चालू लागलो. तो अंग न हलवता नुसतं तोंड माझ्यामागे फिरवत राहिला. मी त्याच्या खांद्यामागे गेलो तरी तोंड माझ्याकडे, मी पाठीमागे गेलो तरी तोंड माझ्याकडे. आता मान पिळून गळून पडणार असं वाटावं, तोच झटकन, डोळ्याचं पातं लवावं इतक्यात, ती दुसऱ्या बाजूने फिरून पुन्हा माझ्यासमोर. हे कुठे आणि केव्हा झालं ते मला पकडता येईना, म्हणून मी फेऱ्या घालतच राहिलो.

"अवं, कायचं व्रत हाये हे?" बायको ओट्यावरून म्हणाली. "सात जन्म कोन मांगून राहिले? आमी तं वडाले फेरे घालतो, अन तेबी बायका."

"पाय मोकळे करतो."

"करा. फकस्त सूत गुंडाळू नका, लोकं इचारतीन."

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. खाली पाचोळ्यात एखादा किडा किंवा सरडा हलला की पिंगळा लगेच झेप घेत नसे. आधी डोकं खाली, वर, मग डावीकडे सरकवून, मग उजवीकडे, जणू दोन-तीन खिडक्यांतून तीच वस्तू बघतो आहे. एवढं झालं की अंतर त्याच्या मनात पक्कं बसे आणि तो नेमका तिथेच उतरे. मला तर किल्लीच सापडली. डोळे कामाचे नाहीत, काम मानेचं आहे. माझे डोळे दगा देतात तर देवोत. मान माझी शाबूत होती.

मी सराव सुरू केला. संध्याकाळी विहिरीपासून गोठ्यापर्यंत मान खालीवर, डावीउजवी करत चालायचं. पहिल्या दिवशी गव्हाणीवर नडगी आपटली. दुसऱ्या दिवशी गव्हाण चुकवली आणि बैलावर आपटलो. तो बिचारा रवंथ करायचा थांबला. मला वाटलं, मानेचा वेग कमी पडतोय. तो वाढवला. परिणाम असा झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी मान एका बाजूला अडकली आणि मी दिवसभर सगळ्या जगाकडे संशयाने बघत असल्यासारखा दिसत होतो. पिंगळा ढोलीतून बघत होता. त्या दिवशी त्याला ढेकूळ मारायला हात शिवशिवला. पण आमची आई सांगे, घुबडाला ढेकूळ मारू नये, ते ते उचलून नदीत नेऊन टाकतं, आणि ढेकूळ विरघळत जातं तसा मारणारा झिजत जातो. आधीच डोळे झिजत होते. उरलेलं अंग झिजवायची हौस नव्हती.

खरे मामाजी ठरल्यापेक्षा उशिरा, मान अडकल्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी आले. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. बायकोने कोनाड्यात दिवा ठेवला आणि मी त्या दिव्यापर्यंतचं अंतर मानेने मोजत बसलो. मामाजी काहीतरी बोलत होते. माझं लक्ष दिव्याकडे.

"मंग असं करू का, जावईबापू," मामाजी म्हणाले. "माह्या गाड्या गडी हाकतीन. मी तुमच्या गाडीवर बसतो, पुढं, तुमच्या बाजूले. चालते ना?"

माझी मान त्या वेळी खालीवर चालू होती.

"लयच मनापासून हो म्हनून राहिले," मामाजी खूश होऊन म्हणाले.

"मंग मीबी येतो," बायको आतून म्हणाली. "अंबादेवीची ओटी भराची रायली हाये." मी दचकून तिकडे तोंड वळवलं, पण दुखऱ्या मानेमुळे ते वळणंही होकारासारखंच झालं असावं, कारण ती लगेच शिदोरीचं बोलू लागली. अशा रीतीने माझ्या आंधळ्या गाडीवर माझा कापूस, माझा सासरा आणि माझी बायको, तिघांची सोय मी स्वतः मान हलवून केली.

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगावं. एका जागी बसवेना. वंगण घातलेल्या आखाला पुन्हा वंगण घातलं. जुवाच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. संध्याकाळ जवळ आली की, आज तरी दिसेल, असं वाटून अंगणात जाई आणि ओळखीच्या गोष्टी एकेक करून नाहीशा होताना बघे.

निघायच्या दिवशी मारुतीपुढे नारळ फुटला आणि गाड्या लागल्या. मी शक्य तितका उशीर केला, आणि नंतर लक्षात आलं की उशीर करून मी उजेडच घालवतोय. मग एकदम घाई केली. मामाजी माझ्या बाजूला घोंगडी पांघरून बसले. बायको मागे कापसाच्या ढिगावर. मागे गावाच्या गाड्या, सगळ्यात जवळ धाकट्या भावाची.

शिवेपर्यंत बरं होतं. पांदणीची वाट सरळ, बैल ओळखीचे. मग बैलांची शिंगं पुसट झाली. मग शिंगं गेली आणि पाठी राहिल्या. मग पाठीही गेल्या. पुढे ओढा होता. त्याचा उतार एका बाजूने तुटलेला, वाट डाव्या अंगाने आणि उजव्या अंगाला खोल कपार. मी मान खालीवर केली. डावीउजवी केली. अंधार त्या सगळ्या खिडक्यांतून सारखाच दिसत होता.

उजवं चाक कशावर तरी चढलं. गाडी कलली. मागून कापसाचा ढीग सरकल्याचा आवाज झाला. मी कासरा ओढला.

"मामाजी," मी हळू आवाजात म्हणालो, "उतार कुन्या अंगाले हाये?"

"मले काहून इचारता?"

"सांगा ना."

बैल फुरफुरले. मग घोंगडीतून आवाज आला, "जावईबापू, मले दिवस मावयला का काई दिसत नाई."

"कवापासून?"

"साल झालं असंन. म्हनून तं तुमच्या गाडीवर बसलो. म्हटलं, जावई पुढचा गाडीवाला, त्याचे डोये घारीचे."

मला हसू आलं की रडू, हे आजही सांगता येणार नाही. दोघं आंधळे सगळ्या गावाच्या पुढे, ऐटीत, ओढ्याच्या कपारीवर चाक टेकवून बसलो होतो. मागून भाऊ ओरडला, "दादा, काहून थांबले?"

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. जू निसटलं म्हणता आलं असतं. बैल बुजला म्हणता आलं असतं. मग भावाने कंदील आणला असता, वाट दाखवली असती, आणि पुढच्या ओढ्यावर पुन्हा जू निसटलं असतं. मी बैलाच्या अंगाला हात लावत खाली उतरलो. बायको मागे होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिने काही म्हटलं असतं तर मी कदाचित जू निसटल्याचंच सांगितलं असतं.

"मले अंधारात दिसत नाई," मी मोठ्याने म्हणालो, म्हणजे मागच्या गाड्यांना ऐकू जाईल इतकं. "तू पुढं हो."

मी भावाच्या टोमण्याची वाट पाहत होतो. टोमणा त्याच्या तोंडी आला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. तो कंदील घेऊन आला, चाकाखाली पाहिलं, आणि माझ्या हातातून बैलाची वेसण घेतली.

"कासरा ढिला सोडा, दादा," तो म्हणाला. "मी वयवतो. तुमी चाकापासून दूर व्हा."

त्याने गाडी बाजूला घेतली आणि एकेक गाडी माझ्या पुढून उताराला लागली. गाडीवाले मला दिसत नव्हते, नुसता आखाखालचा कंदील हलत जाताना दिसे. कोणी राम राम म्हणालं, कोणी नुसतं खाकरलं. एक म्हातारा जाता जाता बोलला, "आमच्या पोरालेबी तसंच होऊन राहिलं, बापा," आणि त्याची गाडी उतरून गेली. शेवटच्या गाडीमागे आम्ही लागलो. समोर एक उजेड असला की बैलांना माझी गरज नव्हती.

ओढा मागे पडल्यावर मामाजी म्हणाले की त्यांच्या गावच्या वैद्याने त्यांना बकऱ्याचं काळीज खायला सांगितलं होतं, पण गळ्यात माळ असल्याने ते त्यांनी ऐकून सोडून दिलं. नाहीतर पालेभाजी आणि दूध, असं वैद्य म्हणाला होता. "आता भाजी कुठी पाहावी?" मामाजी म्हणाले. "परसात कपाशी हाये. म्हैस इकली." माझी म्हैसही त्याच कापसापायी विकली गेली होती.

सकाळी अमरावतीला पोचलो. बाजाराच्या मैदानात गाड्याच गाड्या, धुरळा, दलालांची ओरड. डोळे सकाळी नेहमीसारखे लख्ख होते, आणि त्याचाच मला राग येत होता. माझी गाडी कडेला, सगळ्यांच्या मागे उभी होती. पुढच्या जागेवर भाऊ दलालाशी बोलत होता, मान ताठ ठेवून. मामाजी गाडीखाली झोपले. मला मात्र बसवत नव्हतं. बैलांना पाणी पाजलं, परत आलो, पुन्हा गेलो. गावचा एक माणूस हसून बघतोय असं वाटलं. मग कळलं तो दुसऱ्याच कोणाकडे बघतोय.

बायको ओटी भरून आली. गाडीच्या सावलीत बसून तिने शिदोरी सोडली, भाकरीचे तुकडे केले आणि माझ्या पुढे सरकवले. मी उभाच होतो.

"बसा ना," ती म्हणाली.

मी बसलो. थोड्या वेळाने विचारलं, "तुले वाईट वाटलं असंन. सारं गाव पुढं, अन आपन मागं."

तिने भाकरीवर चटणी ठेवली, बोट चाटलं.

"मी लग्न होऊन आली तवापासून पुढच्या गाडीत बसून राहिली," ती म्हणाली. "तुमची पाठ, नाई तं बैलायचे शेपटं, दुसरं काई दिसलं नाई आजलोक. रात्री पयल्यांदा साऱ्या गावच्या गाड्या दिसल्या. कंदिलायची रांग होती, ओढ्यात उतरली अन तिकून चढली. मी झोपलीच नाई. परत जातानीबी मागंच राहू द्या."